मे महिन्यातलं बाळंतपण: अंगावरचं दूध, वरचं दूध, बाटली आणि पाणी

तर्रीपोहे (धागाकर्ता)
दर उन्हाळ्यात तेच प्रश्न दहा धाग्यांवर विखुरतात, म्हणून एकच धागा. नागपुरात पारा ४४-४५ ला टेकलेला, कूलर घरघरतोय आणि घरात पहिल्या महिन्यातलं लेकरू. जाणकारांनी नेमकं लिहा: किती मिली, किती वेळ, काय बिघडतं आणि काहून बिघडतं. "आमच्या वेळी" असं सुरू होणारे प्रतिसाद आठवणींच्या धाग्यावर टाका, तिथे मी स्वतः येऊन वाचीन.

पहिला प्रश्न व्यनितून (खासगी निरोपातून) आलेला: बाळ सहा दिवसांचं. जन्माचं वजन २.९ किलो, आज २.६८. दिवसभर छातीला असतं तरी रडतं. घरच्यांनी निकाल दिलाय की दूध पुरत नाही, पावडरच्या दुधाचा डबा आणा. आणावा का?

बर्डीची सिस्टर
आधी हिशेब. २२० ग्रॅम घट म्हणजे जन्मवजनाच्या साधारण साडेसात टक्के. पहिल्या तीन-चार दिवसांत ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. १० टक्क्यांच्या जवळ गेली की त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. इथे आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची आहे. वजन तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळ गाठतं आणि पाचव्यापासून चढायला लागतं, रोज २० ते ३० ग्रॅम. दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत यायला हवं. सहाव्या दिवशी २.६८ हे चौथ्या दिवशीच्या २.६४ वरून आलं असेल तर बाळ वाटेवर आहे. २.७५ वरून आलं असेल तर अजून घसरतंय, आणि मग थांबून चालत नाही.

दोन्ही वजनं एकाच काट्यावरची आहेत का? दवाखान्यात उघडं तोललं आणि घरी दुपट्यासकट, किंवा उलट, तर सगळा हिशेबच चुकला. ओला डायपरच शंभर ग्रॅमचा भरतो. उद्या त्याच काट्यावर, उघडं, दूध पाजण्याआधी तोला. वस्तीत आशाताई येत असतील तर त्यांच्याकडे काटा असतो. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात.

मग शू मोजा, रडणं मोजू नका. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असं चढत जाऊन सहाव्या दिवशी चोवीस तासांत निदान सहा ओले लंगोट हवेत, फिक्या रंगाचे. शी पहिल्यांदा डांबरासारखी काळी, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखी. सहाव्या दिवशीही शी काळी असेल किंवा लंगोटावर विटकरी डाग पडत असेल तर दूध पोटात जात नाहीये. पहिल्या दोन-तीन दिवसांतला विटकरी डाग चालतो, नंतरचा नाही.

शू पुरेशी आणि वजन चढतंय तर डबा आणू नका. शू कमी, वजन घसरतंय तर वरचं दूध लागेल, पण ते किती आणि कसं हे डॉक्टरांशी बोलून. आणि डबा आणला तरी छातीला लावणं बंद करायचं नाही.

हळदकुंकू
पण रडतं त्याचं काय? घरात ते रडणंच सगळ्यांना दिसतं.

बर्डीची सिस्टर
रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ मान वळवतं, तोंड उघडतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात कोंबतं. तेव्हाच उचललं तर नीट लागतं. रडून लालबुंद झालेलं बाळ जीभ वर टाळूला चिकटवून ठेवतं, मग ते कोणाच्याच छातीला लागत नाही आणि घरच्यांचं ठरतं की दूध नाही. आधी उभं धरून शांत करा, मग लावा.

"दिवसभर छातीला असतं आणि वजन नाही" यात दहापैकी आठदा पकड चुकलेली असते. बारकाईने बघा. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. मान मुरडून प्यायला लावलं तर गिळता येत नाही. तुम्ही स्वतः खांद्यामागे बघत पाणी पिऊन बघा. सुरुवातीला बाळाचं नाक बोंडशीसमोर हवं, तोंड नाही. बोंडशीने वरचा ओठ हलकेच डिवचला की बाळ मान मागे टाकून जांभईएवढा आ करतं. त्या क्षणी बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे वाकवायची नाही. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि काळसर भाग वरच्या ओठावर जास्त दिसतो, खाली कमी. नुसतं बोंडशीचं टोक तोंडात असलं तर गालात खळ्या पडतात, चटक-चटक आवाज येतो, आणि दूध संपल्यावर बोंडशी नव्या लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी चेपलेली बाहेर येते. ती खूण दिसली की पकड वरवरची आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून पकड सोडवा आणि परत लावा. ओढून काढलं की चिरा पडतात.

पान्हा फुटल्यावर ऐकू येतं ते असं: दोन-तीन भराभर चोखण्या, मग संथ एक चोख, एक घोट, "क्ह" असा बारीक उसासा. घोट ऐकू येत नाहीत आणि बाळ पाऊण तास नुसतं लटकलंय, तर ते पीत नाही, झोपतंय. तळपाय चोळा, दुपटं काढा, आणि स्तन हाताने हलका दाबून धरा म्हणजे धार येते. पहिल्या आठवड्यात दिवसातून आठ ते बारा वेळा, रात्रीही. काविळीचं सुस्त बाळ स्वतःहून उठत नाही, त्याला तीन तासांनी उठवावंच लागतं.

घड्याळ लावून "या बाजूला दहा, त्या बाजूला दहा मिनिटं" नको. एका बाजूचं आधी पातळ येतं, शेवटचं दाट आणि स्निग्ध. ती बाजू बाळ स्वतः सोडेपर्यंत राहू द्या, मग दुसरी दाखवा.

सोनपापडी
सिझर झाल्यावर पहिले दोन दिवस दूधच नसतं ना? मग तोपर्यंत?

बर्डीची सिस्टर
दूध नसतं हे खरं नाही, चीक असतो. पहिल्या दिवशी एका वेळेला ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा. बाळाचं पोटही तेवढंच आहे. तिसऱ्या दिवशी २२ ते २७, आठवड्याच्या शेवटी ४५ ते ६० मिलीपर्यंत. म्हणून पहिल्या दिवशी ३० मिली वरचं दूध पाजलं की बाळ सहा तास झोपतं, छातीला लागत नाही, आणि छातीला न लागल्याने दूध उतरायला उशीर होतो. चीक पिवळा, चिकट असतो म्हणून "कच्चं दूध" म्हणून पिळून टाकणाऱ्या आज्या अजून भेटतात. तेच बाळाचं पहिलं संरक्षण.

सिझरनंतर टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळ काखेखाली घेऊन, पाय पाठीमागे, म्हणजे पोटावर भार नाही. जन्मल्यापासून तासाभरात लावायचं हे सिझरलाही लागू. फार तर भूल उतरायला वेळ लागतो. बाळ दुसऱ्या कक्षात असेल तर हाताने चीक काढून चमच्यात द्या.

हाताने काढायचं कसं: अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडशीपासून अडीच-तीन सेंटिमीटर मागे. आधी बोटं छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग एकमेकांकडे, मग सैल सोडा. बोटं त्वचेवरून घसरू देऊ नका, सोलल्यासारखं होतं. पहिला थेंब यायला एखादं मिनिट जातं, तोवर बंद करू नका. मग बोटांची जागा घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवत राहा.

नवतपा
प्रश्न थेट: ४५ अंशांत सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही म्हणजे नाही? घरात सगळे म्हणतात घशाला कोरड पडते.

बर्डीची सिस्टर
नाही म्हणजे नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हात बाळ वारंवार, थोडं थोडं मागतं, तेव्हा सुरुवातीचं पातळ दूध जास्त जातं, तहान तिथे भागते. पाण्याने पोट भरतं, उष्मांक जात नाहीत, छातीला लागणं घटतं. साखरपाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांचंही तेच. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र रोज ४०० युनिट, पहिल्या दिवसांपासून. ते ऊन लागतंय म्हणून वगळू नका.

पाणी आईने प्यायचं. पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवा. आंबट खाल्ल्याने दूध फाटतं हा समज सोडा, पन्हं आणि आंबील खुशाल घ्या. डिंकाचे लाडू मे महिन्यात कोण कसं खातं हे मला कोडंच आहे. शक्ती येते, पण दूध वाढतं ते छाती रिकामी होण्याने. शतावरी-मेथीचा पुरावा तोकडा आहे.

कूलरचा झोत थेट बाळावर नको, पण खोली बंद करून उकाड्यात चार दुपट्यांत गुंडाळणं त्याहून वाईट. पाजताना घामाने दोघं चिकटतात, मध्ये पातळ सुती कपडा ठेवा.

एक गोष्ट मनात ठेवा. उन्हाळ्यात तिसऱ्या ते सातव्या दिवशी अंग तापतं, काखेत ९९.५ फॅ. किंवा त्याहून वर, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. दूध कमी गेल्याने कोरडं पडूनही ताप येतो आणि जंतुसंसर्गानेही. घरी वेगळं करता येत नाही. नवजाताचा ताप म्हणजे दवाखाना, रात्र असली तरी.

दुधमाप
आता डब्याचं. माझं काम अन्नतंत्रज्ञानातलं, म्हणून मापाबद्दल थोडा हट्टी आहे.

१९९२ च्या आयएमएस कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, शिशुदुधाच्या जाहिरातीवर, नमुने वाटण्यावर आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. म्हणून डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र नसतं आणि आईचं दूधच उत्तम हा इशारा असतो. कुठे फुकटचा डबा मिळालाच तर तो का मिळाला याचा विचार करा.

माप: बाजारातल्या बहुतेक डब्यांचं प्रमाण ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं आहे, पण आपल्या डब्यावरचंच वाचा, आणि चमचाही त्याच डब्यातला. पाणी आधी, पावडर नंतर. बरेच जण बाटलीत दोन चमचे पावडर टाकून ६० च्या खुणेपर्यंत पाणी भरतात. ६० मिली पाणी आणि दोन चमचे मिळून साधारण ६५-६७ मिली दूध होतं. उलट केलं की पाणी ५३-५५ मिलीच पडतं आणि दूध दहाएक टक्के दाट होतं. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा. दाबून भरला तर आणखी दाट. दाट दुधाने शौच घट्ट होतं आणि उन्हाळ्यात रक्तातलं मीठ वाढतं. "उन्हाळा आहे, जरा पातळ करा" हेही तितकंच वाईट: वजन वाढत नाही, आणि सारखं पातळ दिलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येतात. गाईच्या-म्हशीच्या दुधात पाणी घालून दिलं तर उष्मांक आणखी कमी होतात. वर त्यात प्रथिनं-क्षारांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर आणि लोह जवळपास नाहीच. वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून नको.

किती: पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे ६० मिली, मग रोज १५-२० वाढवत, आठवड्यानंतर दिवसाला सुमारे १५० मिली प्रतिकिलो. तीन किलोचं बाळ आठ वेळा पितं तर एका वेळेला ५५ ते ६०. हे प्रमाण फक्त वरच्या दुधावर असलेल्या बाळाचं. छातीला लावून वर देताना यातून वजा करायचं, आणि किती ते वजनावरून डॉक्टर ठरवतील.

नवतपा
डब्यावर "उकळून कोमट केलेल्या पाण्यात" लिहिलंय. मग पाणी ७० अंशांचं हवं असंही काही जण सांगतात, ते कुठून आलं?

दुधमाप
जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. पावडर निर्जंतुक नसते. त्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू क्वचित असतो, कोमट पाण्यात तो वाढतो, ७० च्या वरच्या पाण्यात मरतो. नवजात, कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर मी तेच पाळीन. डब्यावर गरम पाण्याबद्दल वेगळी ताकीद असेल तर डॉक्टरांना विचारून.

इथे एक गफलत होते. लोक वाचतात, "उकळल्यावर अर्धा तास थांबा". ते लिटरभर पाणी झाकून ठेवलं तर. शंभर मिली पाणी स्टीलच्या पातेल्यात उघडं ठेवलं तर ते त्याच्या कितीतरी आधी सत्तरच्या खाली जातं. म्हणून अर्धा-एक लिटर उकळा, झाकण ठेवा, अर्ध्या तासाच्या आत वापरा.

मग बाटली झाकून गार पाण्याच्या भांड्यात फिरवत गार करा, पाण्याची पातळी झाकणाच्या खाली. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी स्वतःच चटका देतं, नळाखाली धरून काही गार होत नाही. माठातलं पाणी वापरा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, लागूच नये इतपत कोमट. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, तोंडाला लावलेलं उरलं तर टाकायचं. उघडलेला डबा तीन-चार आठवड्यांत, लेबलवरच्या मुदतीत संपवा; तो फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल धरतो.

गोरेवाडा
पाण्यावर लिहितो, कारण इथे सगळे फक्त उकळा म्हणतायत. महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं, शुद्धीकरण होऊन येतं. ते उकळलं की काम झालं. पण बाहेरच्या नव्या लेआउटमध्ये आणि आसपासच्या गावांत बोअर किंवा विहीर आहे. विदर्भाच्या भूजलात नायट्रेट बऱ्याच ठिकाणी जास्त भरतं, खतांमुळे आणि शौचखड्ड्यांमुळे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेट उकळून जात नाही; पाणी आटतं तसं उलट दाट होतं. पावडरच्या दुधात हे पाणी पोटात गेलं की नवजाताच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. छातीवर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळपास नाही, कारण आईच्या दुधात ते फारसं उतरत नाही.

बोअर असेल तर आधी प्रयोगशाळेत नायट्रेट तपासून घ्या. आरओने बरंचसं निघतं, साध्या गाळणीने किंवा यूव्हीने नाही. आरओचं पाणीही दुधासाठी उकळायचंच. आणि बोअरच्या जड पाण्यात बाटल्या उकळल्या की पांढरा थर बसतो. तो घासू नका, पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, मग धुऊन परत उकळा.

हळदकुंकू
उकळायचं किती वेळ? आणि निपलचं छिद्र कोणतं घ्यायचं? पॅकेटवर नुसतं एस, एम.

दुधमाप
आधी धुणं. बाटली, निपल, कॉलर (निपल अडकवायचं कडं), झडप असेल तर ती, सगळं सुटं करून गार पाण्याने लगेच, मग साबण आणि ब्रशने. दुधाचा पापुद्रा राहिला तर उकळून काही होत नाही, तो नुसता शिजतो. मग पूर्ण बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, पाणी खळखळायला लागल्यापासून दहा मिनिटं. पुसू नका, निथळू द्या. फाटलेली, चिकट झालेली निपल टाका.

नवजाताला सगळ्यात संथ धारेची. बाटली उलटी केल्यावर सेकंदाला थेंबभर पडावा, धार लागू नये. सुई तापवून छिद्र मोठं करणं हा उद्योग कृपया नको. दूध घशात लोटलं जातं. कॉलर करकचून आवळला तर हवा आत जात नाही, निपल चपटी होते आणि बाळ चिडतं. चतकोर फेरा सैल करा.

बर्डीची सिस्टर
बाटलीच काहून? वाटी-चमचा किंवा जुन्या घरात असलेलं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) घ्या. दोन मिनिटांत स्वच्छ होतं, कोपरे नाहीत, आणि बाळ निपल चोखायची सवय लावून घेत नाही. बाळ जागं, जवळजवळ बसतं धरा. वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल एवढीच तिरकी करा आणि थांबा. बाळ जिभेने लपलप ओढतं. ओतू नका. थोडं सांडेल, ते हिशेबात धरा.

बाटलीच लागणार असेल तर बाळ तिरकं-उभं, बाटली जवळपास आडवी, वीस-तीस घोटांनी खाली झुकवून थांबा. ६० मिली पंधरा-वीस मिनिटांत जावं. पाच मिनिटांत संपवलं म्हणजे भूक मोठी असं नाही, धार मोठी. आडवं झोपवून बाटली उशीला टेकवून ठेवू नका. नंतर खांद्यावर घेऊन ढेकर. पाच मिनिटांत नाही आली तर सोडून द्या, बाळाची पाठ बडवत बसायचं नाही.

सोनपापडी
बोंडशी आत वळलेली असेल तर? मैत्रिणीला सांगितलंय की आता बाटलीच.

बर्डीची सिस्टर
बहुतेक वेळा नाही. बाळ बोंडशी नाही, भोवतीचा भाग तोंडात घेतं. २० मिलीची नवी सिरिंज घ्या, सुई लावायचं टोक ब्लेडने कापा. आता दट्ट्या कापलेल्या बाजूने आत घाला, म्हणजे कारखान्यातली गुळगुळीत कड त्वचेला येते. कापलेली बाजू त्वचेला लावली तर ओरखडे येतात, आणि हीच चूक नेहमी होते. बोंडशीवर टेकवून दट्ट्या हळू ओढा, दुखेल इतका नाही, अर्धा-एक मिनिट धरा, मग हवा सोडून काढा. दर वेळी पाजण्याआधी.

छाती दगडासारखी झाली असेल तर बाळाला पकड मिळत नाही. बोंडशीभोवती पाच बोटांची टोकं ठेवून मिनिटभर मागे दाबा, काळसर भाग मऊ पडतो. मग थोडं काढून लावा. पाजून झाल्यावर गार पट्टी. एका जागी लाल, गरम, टणक आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांकडे; पण त्या बाजूचं पाजणं चालू ठेवा, थांबवलं तर गळू होतं.

तर्रीपोहे
नोकरीवाल्यांसाठी एक राहिलं: काढलेलं दूध किती टिकतं? सुट्टी २६ आठवड्यांची असली तरी मध्येच बाहेर जावं लागतंच.

दुधमाप
सगळीकडे लिहिलेले "बाहेर चार तास" हे २५ अंशांचे आहेत. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दुपारी ३५-३८ असतं. काढलं की सरळ फ्रीजमध्ये, मागच्या भिंतीकडे, दारात नाही. ४ अंशांला चार दिवस. फ्रीजरमध्ये सहा महिने, ६० मिलीच्या छोट्या भागांत, तारीख लिहून, वर थोडी जागा सोडून, गोठल्यावर फुगतं. वितळवताना कोमट पाण्याच्या वाटीत. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, मध्येच चटका राहतो. वर साय जमते ती नासलेली नाही, बाटली गोल फिरवून मिसळा. वितळलेलं चोवीस तासांत, बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत.

नवतपा
आणि रात्री लाइन गेली तर? काल आमच्या फीडरला चार तास नव्हती.

दुधमाप
फ्रीजर उघडू नका. लाइन आल्यावर बघा: दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर परत गोठवता येतं. पूर्ण वितळलं पण गार आहे, तर खालच्या कप्प्यात ठेवून चोवीस तासांत वापरा. कोमट लागलं तर ओतून टाका. लाइन नेहमीच जात असेल तर रिकाम्या कोपऱ्यात पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या भरून ठेवा, दूध त्यांच्या मधोमध.